सावली आहे, पाणी नाही

मे महिन्यात शहाद्याहून तोरणमाळच्या घाटाला लागलं की दोन्ही बाजूंचं सागाचं जंगल उघडंबोडकं दिसतं. खाली पाचोळ्याचा थर असतो, काही ठिकाणी तोही वणव्यात जळून गेलेला असतो. माती इतकी कडक की पहार आपटली तर वाजेल. इथे काही जिवंत असेल यावर विश्वास बसत नाही. पण मृगाचे दोन-तीन दमदार पाऊस पडू द्या. त्याच मातीतून काळ्या मुसळीची चुणीदार पानं वर येतात, रानहळदीचे कोंब फुटतात, रानसुरणाचा ठिपक्याठिपक्यांचा दांडा उभा राहतो, आणि पंधरा-वीस दिवसांत मेची ती जमीन ओळखू येत नाही. कोणी बी टाकलेलं नसतं, कोणी पाणी घातलेलं नसतं. ही सगळी मंडळी तिथेच होती, वीतभर खाली.

नंदुरबार, तळोदा, शहादा इथल्या जुन्या घरांच्या परसात आंबा, चिंच किंवा कडुनिंब असतोच. त्या झाडाखाली काय लावावं हा बागेची हौस असणाऱ्यांचा कायमचा रडगाण्याचा विषय. गुलाब लावला, रडला. मोगरा लावला, पानं आली पण कळी नाही. नर्सरीतून 'सावलीत चालतं' म्हणून नेचे आणले, ते एप्रिलमध्ये कुरकुरीत झाले. नर्सरीवाला खोटं बोलला असं नाही. त्याची रोपं बहुतेक दमट भागातून आलेली असतात आणि त्याच्या डोळ्यांसमोर कोकणातली सावली असते, जिथे हवाच ओलसर असते. खानदेशातल्या सावलीत गारवा थोडाफार मिळतो, ओल मुळीच मिळत नाही. पारा ४२-४४ वर गेलेल्या दुपारी झळा झाडाखालीही शिरतातच. ऊन अडल्यामुळे पान कमी तापतं हे खरं, पण कोरडी हवा पानातलं पाणी ओढत राहते. त्या हवेला सावलीशी काही देणंघेणं नसतं.

शिवाय पाऊस. जिल्ह्याच्या सपाटीवर वर्षाकाठी पडणारा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात पडून जातो, आणि जो पडतो त्यातलाही वाटा आधी झाडाचा. दाट आंब्याखाली उभं राहून हलकी सर अनुभवली असेल तर आठवेल, बाहेर रस्ता ओला होतो आणि खोडाजवळची धूळ तशीच उडत असते. पानं आणि फांद्या पहिले काही मिलिमीटर स्वतःवरच धरून ठेवतात आणि ते तिथूनच वाफ होऊन जातात. मोठ्या पावसात पाणी खाली पोहोचतं, तर तिथे आंब्याची बारीक तंतुमुळं वरच्या हात-दोन हात मातीत पसरून बसलेली असतात. आपण हौसेनं लावलेलं रोप त्या जाळ्यात भागीदार म्हणून शिरतं, तेही सगळ्यात धाकटा भागीदार म्हणून.

उजेडाचं गणितही दिसतं तितकं सरळ नाही. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो; दाट झाडाखाली त्यातले काही टक्केच उरतात. पण प्रकाश नुसता घटत नाही, बदलतोही. पानं निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतितांबडा प्रकाश खाली सोडून देतात. रोपांमध्ये फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते या दोन तांबड्यांचं प्रमाण मोजतं. अतितांबडा वाढला म्हणजे डोक्यावर कोणीतरी पानं पसरून बसलंय, हे रोपाला कळतं. उन्हात वाढणारं रोप यावर घाबरून उंच, बारीक, लुळं होत सुटतं, आहे नाही ते दांड्यात घालतं आणि उपाशी मरतं. झाडाखालची झेंडूची रोपं काटकुळी होतात ती याचमुळे. सावलीत जन्मलेली जात त्याच खुणेकडे दुर्लक्ष करते. ती पान पातळ आणि रुंद ठेवते, श्वसनाचा खर्च कमी ठेवते आणि कवडशाची वाट पाहते.

कवडशांबद्दल थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आंब्याखाली बसणाऱ्या प्रत्येकाला दिसते आणि फार थोड्यांना खटकते. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग जमिनीवर पडणारे कवडसे गोल का? कारण ते फटीचे आकार नाहीतच, ती सूर्याची चित्रं आहेत. प्रत्येक लहान फट कॅमेऱ्याच्या भोकाचं काम करते. फट दहा मीटर उंचीवर असेल तर खालचं सूर्यबिंब साधारण नऊ सेंटिमीटरचं पडतं. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी ग्रहण लागलेलं असताना झाडाखाली पाहिलं असतं तर गोल कवडशांच्या जागी शेकडो कोरी दिसल्या असत्या. आता रोपाच्या बाजूनं बघा. त्याच्या पानावरून असा एक सूर्य सरकत जातो आणि काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत निघून जातो. जंगलाच्या तळाशी दिवसभरात मिळणाऱ्या एकूण प्रकाशातला मोठा वाटा, कित्येकदा निम्म्याहून जास्त, असा तुकड्यातुकड्यांनी येतो. सुस्त पानाला पूर्ण वेगानं अन्न बनवायला लागायलाच कित्येक मिनिटं लागतात. पण एकदा जागं झालं की ते काही काळ जागंच राहतं, म्हणजे पहिला कवडसा बराचसा वाया जातो आणि मागोमाग येणारे सत्कारणी लागतात. म्हणून विरळ फांद्यांच्या लिंबाखालची हलती सावली आणि चारी बाजूंनी बांधकाम असलेल्या बोळातली निश्चल सावली, अंधार सारखाच असला तरी, रोपांच्या हिशेबी वेगवेगळ्या आहेत.

आता परत सागाखाली. तिथली युक्ती समजली की आपल्या परसातली निवड निम्मी सुटते. साग पावसाळ्यात हिरवा आणि उन्हाळ्यात नागडा असतो. म्हणजे कडक उन्हाळ्यात सातपुड्याच्या त्या तळाला सावली नसतेच, आणि सावली पडते तेव्हा माती ओली असते. जूनमध्ये पाऊस आलेला असतो पण सागाची ती सुपाएवढी पानं अजून पूर्ण पसरलेली नसतात. ओल आणि उजेड एकत्र मिळण्याचे हे मोजके आठवडे. बियांपासून सुरुवात करणाऱ्याला ते पुरत नाहीत. कंदवाल्याला पुरतात, कारण त्याचं भांडवल गेल्या वर्षीच जमिनीत ठेवलेलं असतं. तो पहिल्या ओलीबरोबर तयार पान वर काढतो, चार महिने कमावतो, ऑक्टोबरच्या उन्हात पान पिवळं करून परत खाली जातो. युरोपातल्या जंगलातही अशी फुलं आहेत, ओक-बीचला पानं फुटण्याआधी उरकून घेणारी. तिथे घड्याळ उबेवर चालतं, इथे पावसावर.

काळ्या मुसळीचं पिवळं, सहा पाकळ्यांचं, चांदणीसारखं फूल एकदा गुडघे टेकून बघण्यासारखं आहे. ते जमिनीला चिकटून उमलतं. बोटानं माती अलगद बाजूला केली तर दिसतं की फुलाचा बीजकोश अजून मातीतच आहे. वर आलेला आहे तो नुसता मधमाशीला दाखवण्यापुरता भाग. फळही तिथेच, पानांच्या बुडाशी, मातीच्या आडोशाला धरतं. गुरांच्या खुरांपासून, उन्हापासून, आगीपासून जे वाचवायचं ते वर आणायचंच नाही.

सफेद मुसळी वेगळ्या कुळातली, पण तऱ्हा तीच. १९५० च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ती नवी जात म्हणून नोंदवली तेव्हा तिला बोरिवलीच्या जंगलावरून नाव दिलं, क्लोरोफायटम बोरिविलिआनम. शहरातल्या खिडक्यांत टांगलेली पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची स्पायडर प्लँट तिची आफ्रिकन बहीण आहे. तिची कुंडी रिकामी करून बघा, मुळांवर तसेच मांसल पांढरे फुगवटे सापडतील. पाणी घालायला विसरणाऱ्यांच्या घरी ती टिकते ती त्या फुगवट्यांवर. फक्त एक विनंती, मुसळी हवी असेल तर लागवडीची घ्या. जंगलातून खणून आणू नका. औषधाच्या बाजारानं तिला रानात आधीच विरळ केलंय.

तर मग परसातल्या आंब्याखाली सरळ कंद लावावेत का? इथे एक मेख आहे. आंबा सदाहरित. त्याच्याखाली जूनमध्येही उजेडाची ती खिडकी उघडत नाही. म्हणून कंदांची जागा खोडाशी नाही, फांद्यांच्या टोकांखाली, जिथे सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन पोहोचतं आणि पानांवरून निथळणारं पाणी पडतं. तिथे हळद चांगली येते. सुरण तर फारच. सुरणाला वर्षाला पान एकच, पण ते छत्रीएवढं आणि इतकं फाटलेलं की नवख्याला ते छोटं झाडच वाटतं. गड्डा जुना झाला की एखाद्या वर्षी पानाआधी फूल येतं, गडद किरमिजी, सुरकुतलेलं, आणि कुजक्या मांसाचा वास सोडणारं. हा वास दूरवर जावा म्हणून ते फूल स्वतः तापतं, आजूबाजूच्या हवेपेक्षा ठळकपणे गरम होतं. माश्या आणि भुंगेरे फसून येतात. घरातली माणसं मेलेला उंदीर शोधत राहतात. भुईचाफा त्या मानानं सभ्य; कोरड्या मातीतून पानाविना थेट जांभळी-पांढरी फुलं काढतो, आणि वास सुगंध म्हणावा असाच. मे फ्लॉवर हीही कंदाचीच. वळवाची एक सर पुरते, मातीतून लाल तुऱ्यांचा गोळा वर येतो. मूळ आफ्रिकेतली असली तरी महाराष्ट्रातल्या परसांत ती केव्हाच रुळली आहे.

कंद हे एक उत्तर झालं. वेळ टाळायची. दुसरं उत्तर, वेळ न टाळता व्यवहार रात्री करायचा. १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीनं बेंजामिन हेन यांचं एक छोटं पत्र छापलं. हेन मद्रास प्रांतात कंपनी सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी पानफुटीचं पान सकाळी चावून पाहिलं तर ते आंबट लागलं, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडू. यातलं रसायन उलगडायला पुढे शतकाहून जास्त काळ गेला. साधी झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्या दारातून पाणी गमावतात. पानफुटी दार रात्री उघडते, हवा थंड आणि कमी तहानलेली असताना. आत आलेला वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवते, म्हणून सकाळची आंबट चव. दिवसा दार बंद करून, साठवलेलं आम्ल मोडून, प्रकाशात त्याचं अन्न करते. सासूची जीभ किंवा नागीण म्हणून ओळखली जाणारी, तलवारीसारख्या उभ्या पानांची सान्सेव्हिएरिया हेच करते. खोडाला लागून, जिथे दुसरं काहीच टिकत नाही, तिथे या दोघींना जागा द्या. वाढ संथ असेल. रात्रपाळीत कमाई कमी होते आणि सावलीत आणखी कमी, पण मे महिन्यात त्या उभ्या असतील.

कार्यालयांच्या कोपऱ्यात हल्ली दिसणारं चकचकीत झेडझेड प्लँट या दोन्ही युक्त्या बाळगून असतं. ते सुरणाच्या आणि अळूच्या कुळातलं, पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या जंगलांतलं. जमिनीखाली बटाट्याएवढे गड्डे, फारच ताण पडला तर पानं टाकून गड्ड्यावर जगायचं, आणि टाकलेल्या एकेका पानाच्या बुडाशी नवा गड्डा धरायचा. खानदेशच्या परसात ते कुंडीतून जमिनीवर उतरवायला हरकत नाही; पावसाळ्यात पाणी साचणार नाही एवढं बघायचं.

तिसरं उत्तर मला स्वतःला सगळ्यात आवडतं, आणि बागवाले त्याला सगळ्यात कमी भाव देतात. अडुळशाचं कुळ. अडुळसा, कोरांटी, अबोली, काडेचिराईत, दशमुळी, ही सगळी एका घरची माणसं आणि यातली बरीचशी सातपुडा-सह्याद्रीच्या पानगळीच्या जंगलांत झाडांच्या बुडाशी वाढलेली. अडुळसा शेळीही खात नाही, हा आपल्याकडे लहान गुण नव्हे. दशमुळीची निळी फुलं पावसाळा सरल्यावर, बाकी सगळं सुकायला लागल्यावर येतात. अबोलीला भर उन्हाचा सोस नाही, तिला गाळीव ऊन चालतं. सोबतीला चित्रक लावावा. पांढरी नाजूक फुलं आणि फुलाखालच्या चिकट केसांना अडकलेल्या मुंग्या. त्याच्या मुळाचा रस कातडी भाजतो, तेव्हा लहान मुलांच्या हाती खुरपं देताना ते लक्षात ठेवा. शतावरी कुंपणाशी. तिनं पानं जवळजवळ सोडूनच दिली आहेत, हिरव्या सुयांसारख्या दिसतात त्या फांद्या, आणि खाली बोटभर जाडीच्या मुळ्यांचा घोस. कडुनिंब असेल तर त्यावर गुळवेल चढवा. ती सावलीत सुरुवात करते आणि वर उन्हात निघून जाते; वेल मध्ये तुटली तर लोंबकळणारा तुकडा वरून सुतळीसारखी मुळं सोडत जमिनीपर्यंत येतो.

जुनी दगड-मातीची भिंत असेल तर तिच्या उत्तरेकडच्या भेगांत मयूरशिखा आपणहून येते का बघा. बोटभर उंचीचं हे नेचं, मोराच्या तुऱ्यासारखी पंखाकार पानं. उन्हाळ्यात चुरगळून तपकिरी होतं, हात लावला तर मोडेल असं. पाऊस पडला की काही तासांत परत हिरवं. पेशींतलं जवळजवळ सगळं पाणी गेल्यावरही जिवंत राहणाऱ्या वनस्पती जगात थोड्या आहेत, त्यातली ही एक, आणि आपण भिंतीला गिलावा करताना ती खरवडून टाकतो.

चिंचेखाली काही उगवत नाही असं सगळीकडे ऐकू येतं. भुतांचं सोडून देऊ. चिंचेच्या पानांतली आणि मुळांतली द्रव्यं दुसऱ्यांचं बी रुजणं रोखतात हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण बी रोखलं जातं म्हणून तयार रोपही मरेल असं नाही. चिंचेखाली तयार रोपं, कुंडीत वाढवलेली, पावसाळ्यात लावली तर निदान अडुळसा आणि नागीण तग धरतात.

आणि झाड नुसतं घेतंच असंही नाही. १९९३ साली टॉड डॉसन यांनी अमेरिकेतल्या शुगर मेपलवर दाखवलं की खोल मुळांनी ओढलेलं पाणी रात्री, पानांची रंध्रं बंद असताना, वरच्या कोरड्या मातीत झिरपतं आणि शेजारची लहान झाडं ते पितात. त्याआधी अमेरिकेच्याच कोरड्या माळावरच्या एका झुडपात हे आढळलं होतं. पुढे जगभरच्या अनेक वृक्षांत सापडलं. वर ओढलेल्या पाण्याची ही रात्रीची गळती फार मोठी नसते, पण मेमध्ये मोठी कशाला हवी.

लावण्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. मोठी रोपं घेऊ नका. वीतभर उंचीचं रोप मुळांच्या जाळ्यात लवकर सामावतं आणि त्याला खड्डाही लहान लागतो. आंब्याची जाड मुळं लागली तर ती तोडायची नाहीत, वीतभर सरकायचं. झाडाभोवती गाडीभर माती आणून वाफा उंच करण्याची फार हौस असते, तो मोह टाळा. बुंध्याची साल मातीत दबून कुजते आणि खालच्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणजे फुलांसाठी झाड घालवलं. लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनअखेर ते जुलै. पाचोळा झाडून जाळण्याऐवजी तिथेच चार बोटं जाड पसरून ठेवा. आंब्याचं पान हळू कुजतं, तेच इथे फायद्याचं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा आळं भरून पाणी द्या, रोज शिंपडणं नको. रोजच्या शिंपणानं वरची दोन बोटं भिजतात, रोपाची मुळं वरच राहतात आणि तुम्ही लग्नाला म्हणून आठवडाभर गावाला गेलात की सगळं संपतं. फक्त कंदांना हिवाळा-उन्हाळ्यात पाणी द्यायचं नाही. पान गेलं म्हणजे मेलं समजून खणून टाकू नये म्हणून तिथे एक काडी रोवून ठेवा.

लॉनचा हट्ट धरणाऱ्याला कोणी समजावू शकत नाही, तेव्हा तो विषय सोडतो.

अबोलीचं मात्र एक राहिलं. फुलं गेल्यावर कणसावर लहान तपकिरी बोंडं राहतात. ती खुडू नका. ती पूर्ण सुकली की चमचाभर पाण्यात एक टाका आणि जरा थांबा. क्षणभरानं 'टक्' असा आवाज होतो, बोंड मधोमध फाटतं आणि बिया उडतात. या कुळात प्रत्येक बी एका कडक आकड्यावर बसवलेलं असतं आणि बोंड फाटताना तो आकडा बीला फेकतो. अबोलीचं बोंड उन्हाळाभर झाडावर कोरडं राहतं आणि भिजल्यावर फुटतं. म्हणजे बी सुटतं ते जमीन ओली असतानाच. कोरांटीच्या बीवर आणखी एक सोय असते, चापून बसलेले बारीक केस. ओल लागली की ते ताठ उभे राहतात, बुळबुळीत होतात आणि बीला मातीशी चिकटवून टाकतात.